उंचीच्या पट्टीपाशी : आष्टीहून नातवंडांसह निघताना

आष्टी नावाची गावे महाराष्ट्रात अनेक आहेत. बीड जिल्ह्यात एक, वर्धा जिल्ह्यात एक आणि गडचिरोलीतही एक. येथे अभिप्रेत आहे ती जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील आष्टी. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तोवर परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता. त्यामुळे आपल्यापैकी ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांच्या जुन्या कागदपत्रांवर अजूनही परभणीचे नाव सापडेल. कापूस, सोयाबीन आणि तूर यांच्या हंगामावर चालणाऱ्या या भागात लेकरांच्या करमणुकीचे मोठे पाळणे जत्रेच्या निमित्तानेच काय ते येतात. अंबडला मत्स्योदरी देवीची नवरात्रातील यात्रा असते, जांबसमर्थला रामनवमीचा उत्सव असतो, पैठणला नाथषष्ठी असते. तिथे रहाटपाळणा फिरतो, ड्रॅगन गाडी धावते आणि लेकरे आजोबांचे बोट ओढत गर्दीत शिरतात.

अलीकडे मात्र एक दुसरा प्रवासही घराघरांत ठरू लागला आहे. दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याहून, संभाजीनगरहून नातवंडे गावी येतात आणि मोठ्या करमणूक उद्यानाचा हट्ट धरतात. कुणी शिर्डीच्या दर्शनाला जोडून तिथल्या जलउद्यानाचा बेत आखतो. कुणी परतूरला रेल्वेत बसून परभणी-नांदेडमार्गे हैदराबाद गाठतो. कुणी मुंबईच्या नातेवाइकांकडे मुक्काम करून रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात, २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकाकडे निघतो. घरची कमावती माणसे रजेच्या अडचणीत असतात. म्हणून नातवंडांबरोबर जाण्याची जबाबदारी पुष्कळदा आजी-आजोबांवर, मावशीवर किंवा काकांवर येते. हा लेख त्यांच्यासाठी आहे. विषय दिसायला लहान आहे. पाळण्याच्या दारात एक रंगवलेली पट्टी असते आणि तिच्याखाली लेकराचे डोके राहिले, तर त्याला आत सोडत नाहीत. मात्र या एका पट्टीपाशी अनेक सहलींचा आनंद संपतो आणि कधी कधी त्याहून मोलाचे काही धोक्यात येते.

एसटी वय विचारते, पाळणा उंची विचारतो

आपल्या पिढीला प्रवासात वय सांगण्याची सवय आहे. एसटीत पाच वर्षांखालील बाळाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धे तिकीट. आपल्या वयालाही आता मान मिळतो. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना राज्यातल्या राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे आणि पासष्ट ते पंचाहत्तर या वयोगटाला निम्मे भाडे आहे. १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मे भाडे लागते. वाहक वय विचारतो, आपण आधारकार्ड दाखवतो आणि व्यवहार पूर्ण होतो.

करमणूक उद्यानाच्या दारात हे गणित बदलते. तिथे लेकराचे वय फारसे कुणी विचारत नाही. त्याला पट्टीपाशी उभे करतात. अनेक उद्यानांत प्रवेशाचे तिकीटसुद्धा उंचीवर ठरते. ठरावीक उंचीखालच्या बाळाला तिकीट नसते, त्याच्या वरच्या टप्प्याला लहान मुलाचे आणि त्याहून उंच असेल तर मोठ्या माणसाचे पूर्ण तिकीट लागते. यातून मोठी गंमत घडते. तिकीटखिडकीपाशी जे लेकरू गुडघे वाकवून लहान केले जाते, तेच आत गेल्यावर पाळण्याच्या दारात टाचा उंचावून मोठे केले जाते. खिडकीपाशी वाचतात ते चार पैसे. पाळण्याच्या दारात पणाला लागतो तो लेकराचा जीव. म्हणून पहिल्या गोष्टीकडे हसून पाहता येईल, दुसरीकडे नाही.

पट्टी नेमके काय मोजते?

आपल्या मनात सहज येते, की चार बोटे कमी पडल्याने काय बिघडणार? मी तर शेजारीच बसणार आहे, घट्ट धरून ठेवीन. या विचाराचे उत्तर पाळण्याच्या बैठकीत आहे. वेगवान पाळण्याची बैठक एका विशिष्ट मापाच्या शरीरासाठी घडवलेली असते. पाठ मागे टेकली पाहिजे, गुडघे बैठकीच्या कडेवर वाकले पाहिजेत, पाय खाली टेकले पाहिजेत आणि अडसराचा दांडा मांड्यांवर किंवा खांद्यांवरून छातीवर घट्ट बसला पाहिजे. लेकरू लहान असेल तर गुडघे कडेपर्यंत पोहोचत नाहीत. मग ते पुढे सरकून बसते, पाठ टेकत नाही आणि दांड्याच्या खाली पोकळी राहते. पाळणा उसळला की त्या पोकळीतून शरीर निसटू शकते.

आजी-आजोबांनी एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. काही पाळण्यांत दोघांना मिळून एकच दांडा असतो. तो खाली येताना प्रथम मोठ्या माणसाच्या पोटाला किंवा मांडीला अडतो आणि तिथेच थांबतो. शेजारच्या लेकराच्या मांडीवर मग वीतभर जागा मोकळी राहते. आपण शेजारी बसल्याने लेकरू अधिक सुरक्षित होईल असे वाटते. अशा बैठकीत कित्येकदा त्याच्या उलट घडते.

धरून ठेवण्याविषयीही थोडे बोलू. मोठ्या रोलर कोस्टरमध्ये वळणाच्या तळाशी शरीरावर गुरुत्वाच्या तिप्पट-चौपट जोर येऊ शकतो. वीस किलोचे लेकरू त्या क्षणी साठ किंवा ऐंशी किलोचे भासते. सिमेंटचे पोते पन्नास किलोचे असते, हे आपण जाणतो. हलत्या पाळण्यात, स्वतः हेलपाटत असताना, त्याहून जड ओझे एका हाताने सावरणे कोणत्याही आजोबांच्या आवाक्यातले नाही. तरुण बापाच्याही नाही.

पट्टी आणखी एक गोष्ट अप्रत्यक्षपणे मोजते, ती म्हणजे समज. हात बाहेर काढू नये, मध्येच उठू नये, भीती वाटली तरी दांडा सोडू नये, हे ऐकण्याचे वय साधारणपणे उंचीबरोबर येते. दारातल्या कर्मचाऱ्याला प्रत्येक लेकराची समज तपासता येत नाही. उंची मात्र क्षणात मोजता येते, म्हणून तिचा आधार घेतला जातो. हे आकडे प्रत्येक पाळण्याचे निर्माते त्याच्या बैठकीवरून आणि वेगावरून ठरवून देतात. भारतीय मानक ब्युरोनेही करमणुकीच्या पाळण्यांच्या सुरक्षिततेसाठी आयएस १५४७५ हे मानक केलेले आहे. दारातला मुलगा नियम सांगतो तेव्हा तो आपल्या नातवाचा अपमान करत नसतो. त्या बैठकीची मर्यादा सांगत असतो.

कोणत्या वयाला किती उंची?

सहलीचा बेत आखण्यापूर्वी एक ढोबळ अंदाज जवळ असावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांनुसार पाचव्या वर्षी मुलामुलींची मध्यम उंची सुमारे ११० सेंमी असते. सहाव्या वर्षी ती ११५-११६, सातव्या वर्षी १२१, आठव्या वर्षी १२७, नवव्या वर्षी १३२ आणि दहाव्या वर्षी १३८ सेंमीच्या जवळपास जाते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ साली पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी स्वतंत्र तक्ते प्रसिद्ध केले. त्यांतील मध्यम उंची याहून किंचित कमी आहे.

आता पाळण्यांकडे पाहू. मध्यम वेगाच्या पाळण्यांना बहुधा ९० ते ११० सेंमीची अट असते, तीही मोठ्या माणसाच्या सोबतीने. मोठ्या पाळण्यांना १२० सेंमी, म्हणजे सुमारे ३ फूट ११ इंच, हा आकडा वारंवार आढळतो. सर्वांत थरारक रोलर कोस्टरसाठी तो १४० सेंमीपर्यंत, म्हणजे ४ फूट ७ इंचांपर्यंत जातो. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होते. पहिली-दुसरीतले लेकरू १२० सेंमीच्या उंबरठ्यावर असते आणि १४० सेंमीची रेघ बहुतेकांना पाचवी-सहावीच्या सुमारास गाठता येते. सहा वर्षांच्या नातवाला मोठ्या रोलर कोस्टरचे स्वप्न दाखवून नेले, तर त्याचे रडणे घरीच ठरलेले असते.

मध्यम उंची म्हणजे प्रत्येकाची उंची मात्र नव्हे. आठ वर्षांची निरोगी मुले सुमारे ११६ सेंमीपासून १३८ सेंमीपर्यंत असू शकतात. एकाच वर्गातल्या, एकाच बाकावरच्या दोन मित्रांपैकी एकाला प्रवेश मिळतो आणि दुसऱ्याला मिळत नाही, तो यामुळेच. मामेभाऊ-आतेभावांना एकत्र नेताना ही गोष्ट आधी लक्षात घेतली, तर पुढचा रुसवा टळतो.

उलट अटही असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. लहान मुलांच्या पाळण्यांना वरची मर्यादा असते. अकरा वर्षांची ताई धाकट्या भावाला सोबत म्हणून छोट्या रेल्वेत बसू पाहते आणि उंच म्हणून तिला अडवतात. निघण्यापूर्वी उद्यानाच्या कार्यालयात फोन करून किंवा घरच्या तरुणाकडून माहिती काढून कागदावर तीन रकाने करावेत : लेकरू एकटे बसू शकेल असे पाळणे, मोठ्यांच्या सोबतीने बसू शकेल असे, आणि अजिबात बसता येणार नाही असे.

घरच्या चौकटीवर मोजमाप

उंची घरीच नीट मोजावी. शेणाने सारवलेली जमीन थोडी उंचसखल असते, म्हणून फरशीवर किंवा सपाट ओट्यावर उभे करावे. भिंत सरळ हवी. दाराची चौकट उत्तम. पादत्राणे आणि मोजे काढावेत. डोक्यावरचा आंबाडा, फुगवलेली रिबन, उंच बांधलेली शेंडी सोडावी. टाचा, नितंब, खांदे आणि डोक्याचा मागचा भाग भिंतीला लागेल असे उभे करावे. नजर समोर असावी. हनुवटी वर उचललेली किंवा छातीकडे झुकलेली नसावी. एक जाड पुठ्ठ्याची वही भिंतीला काटकोनात टेकवून डोक्यावर अलगद आणावी आणि तिच्या खालच्या कडेशी पेन्सिलने खूण करावी. मग जमिनीपासून खुणेपर्यंतचे अंतर सुताराच्या पोलादी टेपने मोजावे. शिंप्याची कापडी टेप वापरून वापरून ताणली जाते आणि चुकीचा आकडा देते. तीनदा मोजून मधला आकडा धरावा.

हे मोजमाप संध्याकाळी करणे अधिक शहाणपणाचे. दिवसभर उभे राहून, धावून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या थोड्या दबतात आणि सकाळच्या मानाने संध्याकाळी उंची सुमारे एक सेंटिमीटरने घटते. सकाळी घरी १२० भरलेले लेकरू दुपारी चार वाजता रांगेच्या शेवटी ११९ भरू शकते. लेकरू अगदी रेघेवर असेल, तर तो पाळणा उद्यान उघडताच प्रथम गाठावा. तरीही कर्मचाऱ्याने नाही म्हटले, तर तो निर्णय अंतिम मानावा. टाचेत कागदाच्या घड्या घालणे, उंच तळव्यांचे बूट घालणे, ‘त्याच पाळण्यात तो मागच्या वर्षी बसला होता’ असे सांगणे, या युक्त्या कधी यशस्वी होतात. ज्या दिवशी त्या यशस्वी होतात, त्या दिवशी लेकरू स्वतःच्या मापाची नसलेली बैठक पत्करून उंचावर जाते.

लेकराला आधी सांगावे

रांगेत तासभर उभे राहिल्यावर मिळालेला नकार लेकराला फार लागतो. तोच नकार घरी, चार दिवस आधी, मायेने सांगितला तर ते तो सहज स्वीकारते. आजी चौकटीवरची खूण दाखवून म्हणू शकते : ‘हे बघ बाळा, तू इथं आहेस आणि त्या पाळण्याची खुर्ची एवढ्या लेकरासाठी केलेली आहे. तुझ्यासाठी या सात गोष्टी आहेत. त्या मोठ्या पाळण्यात आपण पुढं बसू.’ ज्यात बसता येईल त्यांची नावे आधी सांगावीत, नकार नंतर सांगावा. मोठ्या भावंडाने चिडवू नये, हेही त्याला बाजूला घेऊन सांगावे. ‘तू बुटका आहेस म्हणून नाही सोडले’ हे वाक्य घरात कुणीही उच्चारू नये. एका दिवसाची सहल लेकरू विसरते; असे वाक्य विसरत नाही.

जे लेकरू एखाद्या आजारामुळे वयाच्या मानाने कमी उंच आहे, त्याचा सांभाळ करणाऱ्यांची अडचण अधिक नाजूक असते. दहा-बारा वर्षांचा मुलगा समजूतदार असूनही पाच वर्षांच्या मुलांच्या रांगेत उभा केला जातो. बैठकीचा नियम त्याच्यासाठीही तोच असतो आणि तो पाळावाच लागतो; मात्र दारात सर्वांदेखत हा प्रसंग येऊ देऊ नये. आधी फोन करून व्यवस्थापनाशी बोलावे आणि त्याच्या वयाला रुचतील अशा गोष्टी, जसे की पडद्यावरचे खेळ किंवा संथ नौकेची फेरी, निवडून ठेवाव्यात. डाऊन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. अशा लेकराला हिसके देणाऱ्या कोणत्याही पाळण्यात बसवण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अनिवार्य समजावा, मग उंची कितीही भरो.

सोबतीला कोण बसणार?

‘मोठ्या माणसाच्या सोबतीने’ असे फलकावर लिहिलेले असते तेव्हा ते मोठे माणूस कोण, हा प्रश्न घरीच सोडवावा. हृदयविकार, आटोक्यात नसलेला रक्तदाब, पेसमेकर, मानेचे किंवा पाठीचे दुखणे, हाडांचा ठिसूळपणा, चक्कर येण्याचा त्रास, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया यांपैकी काहीही असेल, तर वेगवान पाळणा आपल्यासाठी नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय हिसक्यांच्या पाळण्यात बसू नये. नातवाचा हट्ट पुरवण्यासाठी आजोबांनी आपला आजार लपवणे, हे टाचा उंचावण्यासारखेच आहे. सहलीत निदान एक धडधाकट तरुण माणूस असावे आणि सोबतीचे पाळणे त्याच्याकडे सोपवावेत. आपण संथ फिरणारे चक्र, छोटी रेल्वे, सावलीतले खेळ निवडावेत आणि उरलेल्या वेळी सर्वांच्या पिशव्या सांभाळत, लेकरांना हात हलवून दाखवत बसावे. या बसण्यातही सहल असते.

मोठ्या उद्यानात दिवसभर बरेच चालावे लागते. गुडघ्यांचा त्रास असेल तर चाकाची खुर्ची मिळते का, हे आधी विचारून घ्यावे. मधुमेह असलेल्यांनी जेवणाची आणि गोळ्यांची वेळ पाळण्यांच्या रांगेवर सोडू नये. मराठवाड्यातला मे महिना अंगाची लाही करतो आणि हैदराबादचा उन्हाळाही सौम्य नसतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आपल्याला आणि लेकरांना, दोघांनाही मानवतो. लेकराच्या खिशात आपला फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

जलउद्यानात उंचीचा अर्थ थोडा बदलतो. घसरगुंडीची अट बैठकीसाठी आणि वेगासाठी असते, तर तलावाची अट पाण्याच्या खोलीसाठी. लाटांच्या तलावात कडेला गुडघाभर असलेले पाणी दहा पावलांवर लेकराच्या गळ्याशी येते आणि लाट आली की डोक्यावरून जाते. तिथे जीवरक्षक उभा असला, तरी लेकरू आपल्या हाताच्या अंतरावर असले पाहिजे. आपल्याला पाण्यात उतरता येत नसेल, तर लेकरू लहान मुलांच्या उथळ तलावातच खेळेल, हे आधीच ठरवून टाकावे.

जत्रेत पट्टी नसते

आतापर्यंतचे सारे मोठ्या उद्यानांविषयी झाले. तिथे पट्टी असते, कर्मचारी असतो, नकार देणारे कुणीतरी असते. आपल्या भागातील बहुतेक लेकरे मात्र पहिल्यांदा पाळण्यात बसतात ती जत्रेत. तिथे पाळणेवाला दोन दिवसांत सांगाडा उभा करतो, चार दिवसांनी उतरवतो आणि पुढच्या गावी जातो. दारात पट्टी क्वचितच दिसते. तीन वर्षांचे बाळ आजीच्या मांडीवर बसून उंच पाळण्यात जाते आणि कुणी हरकत घेत नाही. खरी काळजी इथेच घ्यायला हवी, कारण नाही म्हणणारे दुसरे कुणी नसते.

यंत्राची निगा उंचीइतकीच महत्त्वाची असते. १४ जुलै २०१९ रोजी अहमदाबादच्या कांकरिया तलावाजवळील उद्यानात लंबकासारखा झुलणारा पाळणा मोडून पडला आणि दोघांचा मृत्यू झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात उंचावरून खाली येणारा पाळणा थेट जमिनीवर आदळला आणि अनेक जण जखमी झाले. यांतून भीती घ्यायची नाही, पाहण्याची सवय घ्यायची आहे. तिकीट काढण्यापूर्वी पाळणा एकदा पूर्ण फिरताना बाजूला उभे राहून पाहावा. सांगाड्याचे पाय घट्ट जमिनीवर आहेत की डळमळत्या लाकडी ठोकळ्यांवर? प्रत्येक पाळण्याच्या दाराला कडी आहे का आणि ती लावली जाते का? चालवणारा यंत्राकडे पाहतो आहे की फोनवर बोलतो आहे? विजेच्या उघड्या तारा चिखलातून गेल्या आहेत का? वारा सुटला असेल किंवा पाऊस झाला असेल, तर त्या दिवशी उंच पाळणा नकोच. मुलींच्या वेण्या वर बांधाव्यात आणि ओढणी काढून आपल्याजवळ ठेवावी. फिरत्या भागात केस अडकण्याचा धोका लहान नसतो.

मग लेकराला बसवून चार प्रश्न स्वतःला विचारावेत. पाठ टेकते का? गुडघे कडेवर वाकतात का? पाय कशावर तरी टेकतात का? दांडा अंगाला लागून बसतो का? एकाचेही उत्तर नाही असेल, तर लेकराला उतरवून घ्यावे. पाळणेवाला म्हणेल, ‘काही होत नाही आजी, रोज बसतात.’ मागचे लोक घाई करतील. लेकरू भोकाड पसरेल. तिकिटाचे पैसे गेले तरी चालतील. घरच्या चौकटीवरची १२० सेंमीची खूण आपल्याला पाठ असावी आणि त्या खुणेखालच्या लेकराला रहाटपाळण्यात कधीही एकटे बसवू नये. जत्रेत उंचीची पट्टी लावायला कुणी येणार नाही. ती पट्टी आजी-आजोबांनाच व्हावे लागते.

खुणेचा दुसरा उपयोग

सहल आटोपल्यावर चौकटीवरची खूण पुसू नये. शेजारी तारीख लिहावी आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा मोजावे. चार-पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत निरोगी लेकरू वर्षाला साधारण पाच ते सहा सेंटिमीटर वाढते. वर्षभरात पाच सेंटिमीटरही वाढ झाली नाही, किंवा बरोबरीच्या सर्वांपेक्षा ते सातत्याने मागे पडत गेले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील पाच वर्षांखालील ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली होती. म्हणजे हा प्रश्न आपल्या शेजारचा आहे. अंगणवाडीत सहा वर्षांपर्यंतच्या लेकरांची उंची आणि वजन मोजले जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाड्यांत आणि शासकीय शाळांत तपासणीला येते. त्या दिवशी लेकरू शेतात किंवा पाहुण्यांकडे न जाता शाळेत असावे, एवढे तरी आपण पाहू शकतो.

त्याच चौकटीला एकदा आपणही पाठ लावून उभे राहावे. वयाबरोबर माणूस थोडा खुजा होतो, हे स्वाभाविक आहे. परंतु तरुणपणीच्या उंचीपेक्षा चार सेंटिमीटरहून अधिक घट झाली असेल, तर पाठीचे मणके ठिसूळ होऊन दबले असण्याची शक्यता असते. अशा वेळी डॉक्टरांना सांगून हाडांची तपासणी करून घ्यावी. पाठदुखी नसली तरीही.

सुटी जवळ आली असेल, तर आजच संध्याकाळी पेन्सिल आणि टेप काढावी. नातवाची खूण, तिच्या शेजारी तारीख आणि तीन रकान्यांचा कागद तयार झाला, की मग परतूरच्या गाडीची वेळ पाहायला हरकत नाही.